पाठ, निरीक्षण आणि ओठांवरचा रंग

'प्रस्तावना चांगली. फलकलेखन नीटनेटके. विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक. लिपस्टिक टाळावी.'

सातारा-सांगली पट्ट्यातल्या एका बी.एड.च्या विद्यार्थिनीच्या निरीक्षण वहीत हा शेरा मी वाचला. सहावीच्या वर्गात तिने कागदाच्या पट्ट्या दुमडून अपूर्णांकांची बेरीज शिकवली होती. छेद वेगळे असताना नुसते अंश मिळवून का चालत नाही, हे मागच्या बाकावरच्या एका मुलाने फळ्यापाशी येऊन, पट्टी हातात धरून, स्वतःच्या शब्दांत सांगितलं होतं. शिकवणाऱ्याला याहून मोठी पावती मिळत नाही. त्याबद्दल वहीत एक अक्षर नव्हतं. ओठांबद्दल होतं. पुढच्या पाठाला ती मुलगी ओठ पुसून गेली. पाठात काय सुधारायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

हा विषय किरकोळ आहे असं मला वाटत नाही. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, 2014 च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शालेय आंतरवासितेचे किमान वीस आठवडे ठरले. या काळात छात्राध्यापिका दोन घरची पाहुणी असते. शाळा तिला आपली मानत नाही आणि कॉलेजचं तिच्याकडे सतत लक्ष असतं. तिच्या पाठाला मार्गदर्शक प्राध्यापक गुण देतात, शाळेतले विषयशिक्षक शेरा देतात, मुख्याध्यापक हजेरीवर सही करतात. पुढे नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची. 2023 मध्ये मानधन वाढलं, प्राथमिकला दरमहा 6 हजारांचे 16 हजार झाले. पण कायम होईपर्यंत कुणाशी वाईटपणा घ्यायचा नाही, ही शिकवण घरातून, स्टाफरूममधून, सगळीकडून मिळतच असते. अशा मुलीला चेहऱ्याबद्दल दिलेला सल्ला आदेशच ठरतो. त्यावर 'का?' असं विचारण्याची तिची ऐपत नसते.

कपड्यांचे नियम निदान लेखी तरी असतात. 15 मार्च 2024 रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी शर्ट-पँट आणि शर्ट खोचलेला, जीन्स-टीशर्ट नको. त्यावर राज्यभर वाद झाला, वर्तमानपत्रांनी लिहिलं, संघटना बोलल्या. कागदावरच्या नियमाशी असं भांडता येतं. चेहऱ्याचे नियम स्टाफरूममध्ये चहाच्या कपाबरोबर सांगितले जातात. 'अगं, जरा कमी कर. मुलं बघतात.' 'आपली शाळा खेड्यातली आहे, पालक काय म्हणतील?' सांगणाऱ्या बहुतेक वेळा ज्येष्ठ बाईच असतात आणि त्यांच्या मनात मायाही असते. पूर्वी त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलेलं असतं.

ज्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं जातं तिथेच जरा बघा. सगळ्यांच्या कपाळावर टिकली आहे. लग्न झालेल्यांच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, पायात जोडवी. श्रावणात गजरा. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला काठापदराची साडी आणि नथ. याला कुणी मेकअप म्हणत नाही. उलट टिकली न लावता एखादी आली की विचारणा होते: 'का गं, कपाळ मोकळं?' सांगली तर हळदीचीच पेठ. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. याच हळदीला क्षार लागला की ती लाल होते आणि तिचं कुंकू होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी तीच अंगाला लावतात, उजळ दिसावं म्हणून बेसनात कालवून तोंडालाही लावतात. म्हणजे चेहऱ्याला रंग लावायला आपला विरोध कधीच नव्हता. आपण फक्त एवढंच विचारत आलो, की हा रंग कुणाच्या नावाने लावलाय? नवऱ्याच्या, घराच्या, सणाच्या नावाने लावला तर तो संस्कार. बाईने स्वतःसाठी लावला, की नखरा.

हा हिशोब किती क्रूर असू शकतो, ते बघायला सांगलीहून फार लांब जावं लागत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. असा ठराव गावाला करावा लागला, यातच सगळं आलं. बाईच्या कपाळावरचा रंग तिचा नसतोच. घरातल्या पुरुषाबरोबर तो येतो आणि त्याच्याबरोबर जातो. तेराव्यानंतर शाळेत परतलेल्या विधवा शिक्षिकेने टिकली लावायची की नाही, याची चर्चा जिथे तिच्या पाठीमागे होते, तिथे छात्राध्यापिकेच्या लिपस्टिकची चर्चा होणारच. दोन्हींचं मूळ एक आहे.

शिक्षिकेने साधंच दिसावं, ही अपेक्षा आली कुठून? मला वाटतं, आपल्याकडे शिक्षिकेची पहिली प्रतिमा बऱ्याच अंशी विधवेची आहे. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तो विधवांसाठी, आणि शिकून शिक्षिका होणं हा तिथल्या बायकांपुढचा एक मानाचा मार्ग होता. रमाबाई रानडे मूळच्या देवराष्ट्र्याच्या, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या. 1901 मध्ये त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे गेले. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि तिथे शिक्षिका आणि परिचारिका तयार होऊ लागल्या. त्यातही विधवा पुष्कळ होत्या. समाजाने ज्यांचा शृंगार आधीच काढून घेतला होता, त्या बायका वर्गात उभ्या राहिल्या आणि त्यांनी अफाट काम केलं. पुढे कधीतरी त्यांच्यावर लादलेलं साधेपण हाच शिक्षकी पेशाचा गुण ठरला. त्या बायकांपुढे मान लवते. पण त्यांच्यावर झालेल्या अन्यायाचा गणवेश पुढच्या पिढ्यांनी का घालावा?

दुसरं मूळ तमाशाच्या फडात आहे. हा सगळा पट्टा तमाशाचा. शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळूंचा फड कवलापूरचा. यात्रेत लावणीला शिट्ट्या वाजवणाऱ्यांनी तिथल्या बाईच्या तोंडावरच्या रंगाला कधी इज्जत दिली नाही. ती कलावंत, तिच्या पायातल्या चाळांचं वजन ऐकणाऱ्याला माहीत, तिच्या जिवावर फड चालतो. तरी 'तसली' बाई म्हणजे रंगवलेली बाई, हे समीकरण घरोघर मुरलं. आजही आई मुलीला म्हणते, 'एवढं नटून कुठं तमाशात निघालीस?' त्या एका वाक्यात फडातल्या बाईचा अपमान आहे आणि मुलीचाही. लिपस्टिकला वर्गात मज्जाव करताना हीच भीती बोलत असते, फक्त तिला शिस्त म्हटलं जातं.

आणि याच मातीत बालगंधर्व झाले, पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं स्त्रीपात्रं पुरुषच रंगवत होते. त्या परंपरेचं शिखर बालगंधर्व. त्यांचा शालू, त्यांचा अंबाडा, त्यावरचा गजरा, नथ घालण्याची ढब महाराष्ट्रातल्या सोज्वळ घरच्या बायकांनी उचलली. पुरुषाने तोंडाला रंग लावला, पदर घेतला, आणि कुलीन बाईने कसं दिसावं याचा वस्तुपाठ झाला. त्याचं आपल्याला केवढं कौतुक! सांगली जिल्हा 1949 मध्ये साताऱ्यातून निघाला, 1960 पर्यंत त्याचं नाव दक्षिण सातारा होतं. त्या एका जुन्या जिल्ह्याने बालगंधर्वांच्या रंगाला रसिकता म्हटलं, फडातल्या बाईच्या रंगाला बदनामी म्हटलं आणि शिक्षिकेच्या रंगाला बेशिस्त.

साताऱ्याची पहिली शिकाऊ शिक्षिका म्हणून मी सावित्रीबाई फुल्यांचं नाव घेते. नायगाव खंडाळा तालुक्यातलं. अहमदनगरला फरारबाईंच्या संस्थेत त्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं. शाळेच्या वाटेवर लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर नेत, ही आठवण प्रत्येक शाळेत 3 जानेवारीला सांगितली जाते. लोकांनी घाण टाकली ती त्यांच्या अंगावरच्या कपड्यावर. त्यांनी शाळेत पोचून लुगडं बदललं आणि शिकवायला उभ्या राहिल्या. शिकवणाऱ्या बाईवर हल्ला करायचा तर तिच्या शिकवण्यावर करता येत नाही, तिच्या दिसण्यावर करावा लागतो. हे तेव्हाही खरं होतं.

मेकअपविरुद्धचं सगळंच बोलणं मी उडवून लावणार नाही. एक मुद्दा मला स्वतःला छळतो. आपल्याकडचा मेकअप बऱ्याचदा रंग उजळण्यासाठी असतो. 1975 मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने पंचेचाळीस वर्षं मुलींना सांगितलं, की गोरी झालीस तर नोकरी लागेल. 2020 मध्ये क्रीमचं नाव बदललं, मनातलं कुठे बदललं? सावळी छात्राध्यापिका आपल्या रंगापेक्षा दोन छटा फिकं फाउंडेशन लावून वर्गात येते, तेव्हा समोरच्या सावळ्या मुली ते बघतात. मान एका रंगाची, चेहरा दुसऱ्या रंगाचा. बाईंना स्वतःचा रंग नको आहे, हे त्यांना न सांगता कळतं. हे नुकसान खरं आहे आणि ते लिपस्टिकने होत नाही, गोरेपणाच्या ध्यासाने होतं.

पण त्यावर कुणी शेरा मारत नाही! फिकी पावडर थापलेली चालते, ती 'फ्रेश' दिसते. लाल ओठ खटकतात. म्हणजे मुलांच्या मनाची काळजी हे कारणच नाही. ती खरी असती, तर बी.एड.च्या अभ्यासक्रमात लिंगभाव, शाळा आणि समाज यांवरचा जो विषय आहे, त्याच्या तासाला रंगाबद्दल बोलणं झालं असतं. मुली का उजळतात, मुलांना वर्गात 'काळ्या' कोण म्हणतं, बाईंनी ते ऐकल्यावर काय करायचं, हे शिकवायला एक तास पुरतो. त्या तासातून बाहेर पडून एखादीने फाउंडेशन ठेवून दिलं तर तो तिचा निर्णय असेल. एखादीने लिपस्टिक लावली तर तोही तिचाच.

मुलांचं लक्ष विचलित होतं, हा दुसरा मुद्दा. सहावीची मुलं पहिल्या दिवशी नव्या बाईंचं सगळंच बघतात, पर्स, चप्पल, घड्याळ, केसांचा क्लिप. तिसऱ्या दिवशी बाई गृहपाठ तपासतात का, रागावतात का, नाव घेऊन हाक मारतात का, हे बघतात. ज्या शिक्षिकेचा पाठ रंगतो तिच्या ओठांकडे कुणी बघत बसत नाही. आणि नववी-दहावीच्या मुलांच्या नजरेची धास्ती असेल तर त्या नजरेला वळण लावणं हे शाळेचं काम आहे. बाईला पुसट करून ते होत नाही.

सरांचं काय? पन्नाशीच्या सरांचे केस काळेभोर असतात, मिशीही. केसांना लावलेला कलप हासुद्धा मेकअपच. छात्राध्यापकाच्या वहीत 'कलप टाळावा' असं कुणी लिहीत नाही, त्याच्या दाढीच्या कोरीव कडांवरही अवाक्षर नाही.

उलट टोकाचं उदाहरणही सांगते. अमेरिकेतल्या रीनो शहरात डार्लीन जेस्परसन नावाची बारटेंडर एका कॅसिनोत सुमारे वीस वर्षं काम करत होती. 2000 साली मालकांनी बायकांना मेकअप सक्तीचा केला. तिला तो अवघड जाई, आपण आपण राहत नाही असं वाटे. तिने नकार दिला, नोकरी गेली, आणि 2006 मध्ये अपील न्यायालयानेही तिच्याविरुद्ध निकाल दिला. तिथे लाव म्हणाले, इथे पूस म्हणतात. ठरवणारा दोन्हीकडे दुसराच.

रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासातली एक गोष्ट साताऱ्यात सगळ्यांना पाठ आहे. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्यांचे पती, संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव स्वतः अनवाणी, दाढी वाढलेली, खादीत. त्या दोघांचं साधेपण आपण पुजतो, कारण ते त्यांनी स्वतः पत्करलं होतं. लक्ष्मीबाईंना मंगळसूत्र काढायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं नाव घेऊन तेवीस वर्षांच्या मुलीला 'साधी राहा' असं बजावणं हा त्या त्यागाचा गैरवापर आहे.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांतल्या अध्यापक महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि आंतरवासितेच्या शाळांमधल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होईल, नव्या तुकड्या शाळांत जातील. त्याआधी मूल्यमापनाचा तक्ता काढा आणि त्यात 'व्यक्तिमत्त्व', 'पेहराव' असा रकाना असेल तर त्याचे गुण प्रश्न विचारण्याच्या कौशल्याकडे वळवा. पेहरावाचा काही नियम हवाच असेल तर तो लेखी द्या, पहिल्या दिवसाआधी द्या, बाईंना आणि सरांना सारखा द्या. आणि ज्या मुलींच्या वहीत असा शेरा आधीच पडला आहे, त्यांना एकदा बोलावून तो खोडून, खाली सही करा.