मुलांनी कोणासाठी वाकायचं?

मे महिना आला की सांगली-साताऱ्यात संस्कार वर्गांचे फलक लागतात. श्लोक, सूर्यनमस्कार, थोरांच्या गोष्टी, आणि अलीकडे एखादा बालचित्रपट. कोणता चित्रपट दाखवावा यावर पालकांत चर्चा होते, आणि ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नाशी येऊन थांबते: त्यातली मुलं मोठ्यांना उलट बोलतात का? बोलत असतील तर चित्रपट बाद. बोलत नसतील आणि शेवटी सगळं कुटुंब एकत्र जेवायला बसत असेल, तर तो संस्कारक्षम. हा निकष मला उथळ वाटतो. मुलांच्या वळणाची आपली कल्पनाच किती आकसली आहे, हे त्यातून दिसतं.

सिनेमा म्हणजे निव्वळ करमणूक, असं म्हणणाऱ्यांनी अंधारात बसलेल्या मुलांचे चेहरे कधी पाहिलेले नसावेत. अद्भुत आणि आरडाओरडा हे परदेशी खूळ आहे असं मानणाऱ्यांना एवढंच सांगावं, की विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच सांगलीत राक्षसांना रंगमंचावर आणलं, आणि फाळक्यांच्या 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांच्या लेकीनं, मंदाकिनीनं रंगवलेला बाळकृष्ण खोड्यांसकट देव आहे.

उलट न बोलण्याचा आग्रह मात्र इतक्या सहज सोडून देता येत नाही, कारण तो धरणारी माणसं मनापासून बोलतात आणि त्यांची काळजी खरी असते. त्यांचा आवडता दाखला ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’चा. रोआल्ड डालच्या 1964 च्या कादंबरीवर मेल स्टुअर्टनं 1971 मध्ये आणि टिम बर्टननं 2005 मध्ये चित्रपट केला. पाच मुलांना विली वोंकाचा कारखाना पाहायची सोनेरी तिकिटं मिळतात. एक खादाड, एक हट्टी, एक सतत च्युइंगगम चघळणारी, एक टीव्हीपुढून न हलणारा. या चौघांची फजिती होते आणि गरीब, गुणी चार्लीला कारखाना मिळतो. बर्टनच्या चित्रपटात तर घरच्यांना सोडून येण्याची अट ऐकून चार्ली कारखाना नाकारतो. पालकांना हे फार भावतं, आणि का भावू नये? मलाही भावतं.

पण हट्टी व्हेरुका सॉल्टकडे नीट पाहा. तिला तिकीट हवं म्हणून तिचा बाप चॉकलेटांचा ढीग विकत घेतो आणि आपल्या शेंगदाण्याच्या कारखान्यातल्या बायकांना वेष्टनं सोलायला बसवतो. तिकीट हाती पडताच पोरीची पुढची मागणी तयार असते: आणखी एक तट्टू. ती वडिलांशी किती उद्धट बोलते, हे आपण मुलांना दाखवतो. त्या बायकांच्या श्रमांचं तिला काहीच वाटत नाही, हे दाखवत नाही. समजा, हीच मागणी तिनं हात जोडून, ‘बाबा, प्लीज’ म्हणत केली असती. उलट न बोलण्याच्या निकषावर ती गुणी ठरली असती. वेष्टनं सोलणाऱ्या बायका तिथंच बसलेल्या राहिल्या असत्या.

1971 च्या चित्रपटानं या निकषाची आणखी मोठी अडचण केली आहे. तिथं चार्लीही नियम मोडतो. आजोबांच्या संगतीनं तो वोंकाला न सांगता तरंगवणारं पेय पितो. म्हणजे मोठ्या माणसाचं ऐकूनच चूक करतो. वोंका त्याच्यावर ओरडतो, बक्षीस नाकारतो, निघून जायला सांगतो. चार्लीच्या खिशात वोंकानं दिलेली एक गोळी असते. ती आणून दिली तर मोठी रक्कम देईन, असं आमिष वोंकाचा स्पर्धक म्हणवणाऱ्या माणसानं त्याला दाखवलेलं असतं. घरी उपासमार, समोर अपमान करणारा माणूस. तरी पोरगा गोळी परत ठेवतो. कोणी सांगितलेलं नसतं, शाबासकीची आशाही उरलेली नसते. वोंका कारखाना देतो तो या कृतीसाठी.

म्हणून मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. मूल आपल्याहून मोठ्यांपुढे वाकतं, ते एक. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही, जो आपल्याला काही करू शकत नाही, त्याच्यासाठी मूल वाकतं, ते दुसरं. पहिलं शिकवायला धाक पुरतो. दुसऱ्याला धाक उपयोगी पडत नाही. पहिलं वाईट आहे असं मी म्हणत नाही. आजीच्या पाया पडणारं मूल मलाही गोड वाटतं. पण पहिलं आलं की दुसरं आपोआप येतं, हे मला पटत नाही.

इथं ‘श्यामची आई’चं नाव पुढे केलं जातं. जरूर करावं. साने गुरुजींच्या 1935 च्या या पुस्तकावरून अत्र्यांनी 1953 साली केलेला चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. पण त्या आईला आज्ञाधारकपणाची शिक्षिका करून टाकणं अन्यायाचं आहे. अस्पृश्य म्हातारीची मोळी पडली तेव्हा गावाची रीत बाजूला ठेवून ती श्यामला मदतीला पाठवते. ती मुलाला वाकायला शिकवते, पण वाकायचं कोणासाठी, हेही तीच सांगते.

उलट न बोलण्याच्या निकषाला न दिसणारी आणखी माणसं चार्लीच्या कथेत आहेत: ऊंपा-लूंपा. वोंकानं दूरदेशाहून आणलेले, कारखान्यातच राहणारे, मजुरीत कोकोच्या बिया घेणारे कामगार. पहिल्या आवृत्तीत ते आफ्रिकेतले बुटके काळे लोक होते. टीकेनंतर 1973 मध्ये डालनं ते वर्णन बदललं. बर्टनच्या चित्रपटात हे सगळे कामगार दीप रॉय या एकट्या भारतीय वंशाच्या नटानं साकारले. माणसं अनेक, चेहरा एकच. गुणी चार्लीही त्यांच्याशी बोलायला थांबत नाही.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. रेठऱ्यापासून साखराळ्यापर्यंत गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायको पहाटे फडात जातात. पोरं कोपीत धाकट्यांना सांभाळतात. साखरशाळा असेल तर तिथं बसतात. आपल्या मुलांच्या चहात साखर येते ती या माणसांच्या कोयत्यातून, आणि त्यांच्या मुलांशी आपली मुलं कशी वागतात हा प्रश्न संस्कारांच्या चर्चेत येतच नाही. याच साताऱ्यात 1924 साली कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. त्यांच्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. कुटुंबाची व्याख्या तेव्हा एवढी रुंद होती.

तेव्हा संस्कार वर्ग चालवणाऱ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे. बालचित्रपट मेपर्यंत थांबवू नका, टोळ्या परत जायच्या आत दाखवा. जवळच्या कोप्यांवर जाऊन तिथल्या मुलांना बोलावणं करा, आणि त्यांना आपल्या मुलांच्या शेजारी, त्याच सतरंजीवर बसवा.