गंज आणि रंग

सिन्नरसारख्या गावात एखाद्या वाड्याच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली जुनी फियाट अजूनही दिसते. टायर बसलेले, काचांवर धूळ, बोनेटखाली उंदरांचा संसार. घरातल्या कुणा तरुणाला एक दिवस ती पुन्हा चालती करण्याचा नाद लागतो आणि सुटीचे दिवस हातोडी, पाने आणि रॉकेलच्या डब्यात जाऊ लागतात. छंद म्हणून पाहिले तर यात फार बोलण्यासारखे नाही. पण जीर्ण वस्तू 'मूळ रूपात' आणायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न गाडीपाशी थांबत नाही. आम्हां मराठी मुसलमानांना तो गेली कित्येक वर्षे दुसऱ्या रूपात छळतो आहे.

आधी गाडीचेच पाहू. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 तयार होई. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. आज समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगापुढे ही गाडी बापुडवाणी वाटेल. पण एके काळी आपल्या देशात वेगाची गाडी म्हणजे हीच होती. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा इंजिन घासूनपुसून तयार केलेल्या फियाट तेथे धावत. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि हजारो घरांची चूल तिच्यावर पेटली. ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली आणि तो अध्याय मिटला.

या गाडीची एक गोष्ट मिस्त्री लोकांना ठाऊक असते, हौशी माणसाला उशिरा कळते. जीपला खाली स्वतंत्र चासी असते. फियाटला ती नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणून तळाचा किंवा दाराखालच्या पट्टीचा पत्रा सडला तर ते केवळ वरचे रूप बिघडणे नसते, गाडीचा कणाच पोखरलेला असतो. अशा वेळी दोन मार्ग असतात. सडलेला पत्रा कापून काढायचा, नवा ठोकून वेल्डिंग करायचे, रेड ऑक्साइड मारायचे आणि मग रंग. याला महिने लागतात. दुसरा मार्ग पुट्टीचा. भोक बुजवा, पॉलिश पेपर मारा, वर चकचकीत रंग द्या. आठ दिवसांत गाडी नवरीसारखी दिसते. लोहचुंबक लावून पाहिले तरच खरे कळते, कारण पुट्टीला लोहचुंबक चिकटत नाही.

हदीसमध्ये बाजारातल्या धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पैगंबर मुहंमद (स.) यांनी ढिगात हात घातला आणि वरच्या कोरड्या दाण्यांखाली ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. भिजणे हा त्याचा गुन्हा नव्हताच. ओले धान्य खाली लपवणे हा गुन्हा होता. इस्लामी कायद्याने लपवलेल्या दोषाबद्दल माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिला तो याच न्यायाने. गंज हाही पावसापाण्याचा परिणाम. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. लाज पुट्टीची वाटली पाहिजे.

इथवर कुणाचा मतभेद नसावा. अडचण पुढे आहे. समजा, आपण प्रामाणिकपणे सगळा सडका पत्रा बदलला. इंजिनात नव्या रिंगा घातल्या, कार्बोरेटर बदलला, ब्रेकचे सामान कुर्ल्याच्याच जुन्या भागांच्या बाजारातून आणले. निम्म्याहून अधिक भाग बदलल्यावर ही वाडवडिलांची गाडी राहिली का? ग्रीकांनी हा प्रश्न थिसिअसच्या जहाजावरून विचारला होता. एकेक फळी बदलत गेलेले जहाज तेच की दुसरे, यावर त्यांचे तत्त्वज्ञ वाद घालीत, असे प्लुटार्कने नोंदवले आहे.

आम्हांला मात्र याचे उत्तर शोधायला अथेन्सला जायचे कारण नाही. ज्या काब्याकडे आपण दिवसातून पाच वेळा तोंड करतो, तो अनेकदा नव्याने बांधला गेला आहे. 1630 च्या पुराने भिंती कोसळल्यावर उस्मानी सुलतान चौथा मुराद याच्या काळात त्याची मोठी पुनर्बांधणी झाली. तरी कुणी म्हणत नाही की हा तो काबा नव्हे. दगड बदलले, पण जागा, दिशा आणि तिच्याशी असलेले माणसांचे नाते अखंड राहिले. वस्तूची ओळख केवळ तिच्या द्रव्यात नसते, हे आपल्या रोजच्या इबादतीतच आपण मान्य केलेले आहे.

पण त्याच इतिहासात याहून कठीण धडा आहे. पैगंबरांच्या तरुणपणी कुरैशांनी काबा बांधला तेव्हा फक्त स्वच्छ कमाईचा पैसा वापरायचा असे त्यांनी ठरवले होते. तो कमी पडला, म्हणून इब्राहिमी पायाचा काही भाग भिंतीबाहेर राहिला. तो भाग आत घेऊन काबा मूळ पायावर बांधावा असे पैगंबरांच्या मनात होते, पण लोक नुकतेच जुन्या धर्मातून आलेले आहेत, त्यांची मने बिथरतील, म्हणून त्यांनी ते केले नाही. ही गोष्ट हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली आहे. पुढे 683 च्या वेढ्यात काब्याची हानी झाली, तेव्हा अब्दुल्ला इब्न जुबैर यांनी तो मूळ पायावर बांधला. त्यांचा पाडाव झाल्यावर हज्जाजने तो पुन्हा कुरैशांच्या आकारात आणला. नंतरच्या एका खलिफाला पुन्हा बदल करावासा वाटला, तेव्हा हे घर राजांच्या हातचे खेळणे होऊ देऊ नका, असे इमाम मालिक यांनी त्याला विनवले, असे इतिहासकार सांगतात.

म्हणजे मूळ रूप नक्की ठाऊक असूनही ते आणण्याचा हट्ट दर वेळी धरू नये, असा हा आदर्श आहे. मग जिथे मूळ रूप कुणालाच नक्की ठाऊक नाही तिथे किती जपून चालायला हवे! सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचे यादवकालीन कोरीव काम ठिकठिकाणी झिजलेले आहे. झिजलेल्या मूर्तीला कुणी अंदाजाने नवे नाक बसवले तर त्याला आपण जतन म्हणणार नाही. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांच्या 1923 च्या नियमपुस्तकाचा रोख हाच होता : आहे ते टिकवा, कल्पनेने घडवू नका. 1964 च्या व्हेनिस सनदेनेही अंदाज सुरू होतो तिथे हात थांबवायला सांगितले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या समाजातही 'मूळ रूपात' परतण्याची हाक वारंवार ऐकू येते. मराठी बोलणे, दर्ग्यावरची चादर, लग्नातल्या हळदीची गाणी, शेजाऱ्यांच्या सणातला सहभाग हे सारे नंतर चढलेले थर आहेत, ते खरवडून काढा, असे सांगितले जाते. या हाकेमागे निष्ठा असते, हे आम्ही नाकारत नाही. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, तो थर खरवडला तर खाली अरबस्तानातला शुद्ध मुसलमान सापडणार नाही. खाली उघडा पत्रा सापडेल आणि उघड्या पत्र्याला पहिल्याच पावसात गंज धरतो.

तर मग प्रत्येक थर जपायचा का? तेही नाही. एका दमात तीनदा तलाक उच्चारून बाईला रस्त्यावर आणणे हाही रूढीचा थरच होता. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला. दलवाईंची सगळी मते पटोत न पटोत, त्या सात जणींनी बोट नेमके सडक्या पत्र्यावर ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा रद्द ठरवायला 22 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. इतकी वर्षे आपण त्यावर पुट्टीच भरत होतो.

आमच्या मते कसोटी मिस्त्रीचीच आहे. थर जुना की नवा हे विचारू नये. तो खालच्या लोखंडाला खातो की राखतो, हे विचारावे. रंगही वरून चढतो, गंजही वरूनच चढतो. एक पत्रा वाचवतो, दुसरा संपवतो. न्याय आणि दया हे आपले लोखंड आहे. त्याला जे खाते ते कितीही पुरातन असले तरी कापावे, जे राखते ते कालचे असले तरी ठेवावे. आणि हे ठरवण्याचा पहिला हक्क त्या गाडीत बसणाऱ्यांचा, विशेषतः सडक्या पत्र्यावर ज्यांचे पाय आहेत त्यांचा.

राहिला इसराफचा प्रश्न. शेजारी फीसाठी पोराची शाळा सुटत असताना जुन्या गाडीवर लाख-दोन लाख ओतणे उधळपट्टी नव्हे काय? दिखाव्यासाठी असेल तर आहेच. 2021 च्या नियमाने 50 वर्षांवरील, मूळ स्वरूप टिकवलेल्या खासगी गाड्यांना वेगळी नोंदणी मिळते, 20,000 रुपये शुल्क भरून, मात्र रोजच्या वापराला मनाई. केवळ मिरवणारी वस्तू आणि मिरवणारा धर्म दोन्ही आम्हांला सारखेच वाटतात. पण त्या गाडीपाशी एखाद्या थकल्या उस्तादाला मानाने बोलावले, त्याच्या हाताचा हुनर पोराने शिकून घेतला, तर तो पैसा वाया गेला असे म्हणवत नाही. जाम झालेले इंजिन उस्ताद जोर लावून फिरवीत नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडतो आणि दिवसच्या दिवस थांबतो. जोर केला तर रिंगा तुटतात, हे त्याला ठाऊक असते. सुधारणेची घाई झालेल्यांनी आणि सुधारणेला भिणाऱ्यांनी, दोघांनीही त्याच्या शेजारी थोडा वेळ बसावे.

आणि काम झाल्यावर एक वही ठेवावी. कोणता पत्रा जुना, कोणता नवा, काय बदलले, का बदलले, सगळे लिहावे. पुढे ज्याच्या हाती किल्ली जाईल, ती त्याच्याकडे अमानत असेल. त्याला चकचकीत रंगापेक्षा त्या वहीची गरज अधिक पडेल.