नाबोथच्या गावातील वडीलधारे



राजांच्या पहिल्या ग्रंथात, २१व्या अध्यायात, नाबोथच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. अहाब राजाला तो मळा हवा होता. वाडवडिलांची जमीन विकणार नाही, असे नाबोथने सांगितले. राजा रुसून अंथरुणावर पडला. राणी ईजबेलने गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रे धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथला दगडमार झाला.

आपण दोष देतो तो अहाब आणि ईजबेलला. पण त्या वडीलधाऱ्यांचे काय? नाबोथ त्यांचा शेजारी होता, त्यांनी त्याला लहानपणापासून पाहिले असेल. पत्र आले आणि एकानेही 'का?' असे विचारले नाही.

आपल्या वसईने एकेकाळी 'का?' विचारले होते. वाडीतल्या विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले, हिरवा पट्टा बिल्डरांच्या नजरेत भरला, तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांच्यामागे साधी माणसे रस्त्यावर उतरली. केळी-पानवेलीत राबणाऱ्या बायकासुद्धा. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. फादर २०२४ साली देवाघरी गेले. आपण त्यांच्यावर भाषणे केली, आणि बावखले बुजतच आहेत. बावखल बुजले की पावसाचे पाणी कुठे जाते, हे जुलै २०१८ मध्ये आपण घरात गुडघाभर पाण्यात उभे राहून पाहिले.

"फादर, चर्चने राजकारणात पडू नये," असे काही जण सांगतात. मते कोणाला द्यावीत हे वेदीवरून सांगणे आमचे काम नाही, हे मान्य. पण १८९१ साली तेरावे लिओ पोप महोदय कामगारांच्या मजुरीविषयी बोलले, २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पाणी आणि मातीविषयी लिहिले. तेही राजकारणच का?

आणि एक कबुली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही न्यायाची व्याख्या पाठ केली होती: ज्याचे त्याला देणे. परीक्षेत गुण चांगले मिळाले. दोन वर्षांपूर्वी एक विधवा भगिनी तिच्या वाडीच्या हद्दीवर पडलेला भराव घेऊन आमच्याकडे आली. म्हणजे कागद घेऊन. "माझ्याबरोबर कचेरीत याल का, फादर?" एवढेच तिचे मागणे होते. आम्ही तिला रोजरी करायला सांगितले. ती "बरं फादर" म्हणून गेली. भराव अजून तिथेच आहे. त्या दिवशी आम्हीही त्या वडीलधाऱ्यांतलेच एक झालो.

गेल्या आठवड्यात आम्ही तिच्या घरी जाऊन आलो. माहिती अधिकाराचा अर्ज तिच्या मुलीने लिहिला आहे. २००५च्या कायद्याने तो कोणीही नागरिक करू शकतो, आणि ३० दिवसांत उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक आहे. भरावाला परवानगी कोणी दिली, एवढेच विचारले आहे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात बसू या. ज्यांच्या आळीत बावखल किंवा नाला बुजवला गेला आहे, त्यांनी सातबाऱ्याचा उतारा, फोटो आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणावा. अर्ज लिहायला तरुण मुले असतील. कचेरीत बरोबर आम्ही येऊ.

तुमचे प्रमुख धर्मगुरू