लग्न कोठें लावावें?

उन्हाळा जवळ आला म्हणजे वणीच्या आसपासच्या मंडळ्यांमध्यें एक प्रश्न हटकून निघतो. कापूस विकून झालेला असतो, सोयरीक ठरलेली असते, आणि वर-वधू, पुष्कळदां त्यांचे आईबापही, पाळकांकडे येऊन विचारितात कीं, लग्न मंदिरांतच लाविलें पाहिजे काय? लॉनवर लाविलें तर चालणार नाहीं काय? अलीकडे हा प्रश्न लॉनच्याही पुढें गेला आहे. कोणी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबाच्या जंगलाच्या कडेला असलेल्या रिसॉर्टचें नांव घेतो, कोणी एखाद्या जुन्या किल्ल्याचें. जागा अशी असावी कीं ती पाहुण्यांच्या जन्मभर लक्षांत राहावी, असें त्यांचें म्हणणें असतें.

यावर रागावणें सर्वांत सोपें आहे. "प्रभूचें मंदिर सोडून नाचगाण्याच्या जागीं लग्न!" असें म्हणून वडील मंडळी मोकळी होतात. परंतु, बंधुभगिनींनो, हें उत्तर आपणांस देतां येत नाहीं. एखादी जागा स्वतः पवित्र असते असें आपण प्रॉटेस्टंट लोक मानीत नाहीं. शोमरोनी स्त्रीनें विहिरीपाशीं प्रभूला हाच वाद घातला होता कीं, उपासना या डोंगरावर करावी कीं यरुशलेमांत? प्रभूनें दोन्ही जागा बाजूला सारून तिला अंतःकरणाकडे वळविलें. फ्री मेथडिस्ट मिशनचें काम आपल्या जिल्ह्यांत 19 व्या शतकाच्या अखेरीस सुरू झालें, तेव्हां या मुलखास वणी जिल्हा असेंच म्हणत (यवतमाळ जिल्हा हें नांव 1905 सालचें). खेड्यांतील उपासना त्या काळीं बहुधा झाडाखालीं किंवा कोणाच्या ओसरीवर होत. ज्यांच्या आजोबांनीं कडुनिंबाखालीं प्रार्थना केली, त्यांनीं नातवाला "मंदिराबाहेर लग्न होत नाहीं" असें कोणत्या तोंडानें सांगावें?

कायदाही या कामीं वडिलांच्या मदतीस येत नाहीं. 1872 च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यानें देवळाबाहेर लग्न लावण्याची मनाई फक्त इंग्लंडच्या मंडळीच्या पाळकांस केली, व तीही पांच मैलांच्या आंत त्यांचें देऊळ असेल तरच, शिवाय खास परवाना नसेल तरच. इतर परवानाधारक पाळकांवर तें बंधन नाहीं. मात्र लग्न मंदिरांत व्हावयाचें असेल तर त्याची सूचना मंदिरांत सर्वांस दिसेल अशा जागीं लावावी, आणि खासगी घरांत व्हावयाचें असेल तर पाळकानें ती विवाह-निबंधकाकडे पाठवावी व त्यानें ती आपल्या कचेरींत लावावी, असें हा कायदा सांगतो. वेळ सामान्यतः सकाळीं सहापासून सायंकाळीं सातपर्यंत. (रोषणाईच्या शोभेसाठीं रात्रीं आठ वाजतां विधि मागणाऱ्यांस पाळकांनीं हें कलम अवश्य दाखवावें.) कायदे करणाऱ्यांस जागेच्या पावित्र्याची फारशी चिंता नव्हती. चिंता होती ती ही कीं, लग्न उजेडांत, लोकांच्या डोळ्यांदेखत व्हावें आणि ज्याला हरकत घ्यावयाची आहे त्याला तें आधीं कळावें.

माझ्या मतें प्रश्नाची किल्ली येथेंच आहे. रूथेचें पुस्तक उघडून पाहा. बवाजानें रूथेशीं लग्न करण्याचें ठरविलें तेव्हां तो कोणत्याही सुंदर जागीं गेला नाहीं. तो गांवच्या वेशींत जाऊन बसला. नगराचे दहा वडील त्यानें बोलाविले, नात्यांतील दुसऱ्या हक्कदाराला समोर बसविलें, आणि तेथेंच सर्व बोलणें पुरें केलें. वेस कां? कारण शेताकडे जाणारा व शेतावरून येणारा प्रत्येक मनुष्य वेशींतूनच जाणार. रूथ ही परक्या मवाबी लोकांची, विधवा, दुसऱ्यांच्या शेतांत सरवा वेंचून पोट भरणारी. अशा बाईला बायको म्हणून स्वीकारावयाचें तर तें कोपऱ्यांत नव्हे, साऱ्या गांवाच्या वाटेवर स्वीकारलें पाहिजे, हें बवाजाला कळत होतें. वेशींतील सर्व लोक साक्षी झाले.

वेस हा शब्द आपल्यांपैकीं पुष्कळांस सहज ऐकतां येत नाहीं. आपल्या आजापणजांची घरें वेशीच्या बाहेर होतीं. त्यांनीं वेशीची राखण केली, पण त्यांची वरात तींतून आंत जात नसे. नवऱ्यानें घोड्यावर बसूं नये, मुख्य रस्त्यानें वाजंत्रें नेऊं नयेत, असा अनेक गांवांचा शिरस्ता होता. तो मोडूं पाहणाऱ्यांनीं मारही खाल्ला. त्या लोकांच्या नातवाला आपली वरात कमानीखालून, दिव्यांच्या झगमगाटांत, गालिच्यावरून जावी असें वाटलें तर त्याला एकदम गर्विष्ठ म्हणूं नये. त्याची ती हौस जुन्या जखमेतून आलेली असूं शकेल. मला स्वतःला ती पाहून पूर्वीं राग येई. हल्लीं तितका येत नाहीं.

तरी पण त्या नव्या कमानीपाशींही पहारेकरी उभा असतोच, आणि कोणी ना कोणी बाहेर राहतेंच. कांहीं वर्षांपूर्वीं मी अशाच एका दूरच्या, फार रमणीय ठिकाणच्या लग्नास गेलों होतों. नांवें सांगत नाहीं. वधूच्या मंडळींत एक वृद्ध बायबलबाई होती. वधूला तिनेंच अक्षरें शिकविलीं होतीं. वधूच्या आईच्या बाळंतपणांतही तीच रात्रभर जागली होती. ती मला तेथें दिसली नाहीं. भाड्याच्या गाडींत मोजक्या जागा होत्या, आणि "असल्या ठिकाणीं या लुगड्यानें कशी जाऊं?" असें म्हणून तिनेंही आग्रह केला नाहीं. लग्न थाटांत झालें, छायाचित्रें सुंदर निघालीं. पुढें वर्षभरांत नवराबायकोंत बेबनाव झाला, तेव्हां ती मुलगी माहेरीं येऊन पहिल्यानें त्या म्हातारीच्याच दारांत बसली. म्हातारीनें तिला पाणी दिलें आणि म्हणाली, "पोरी, तू काय वचन देलं ते म्या ऐकलंच नाही, आता तुले कायची याद देऊ?" हें तिनें रागानें म्हटलें नव्हतें. मुलीला समजाविण्यासाठीं तिला धरावयाला कांहीं सांपडत नव्हतें, एवढेंच. मुलगी पुढें नांदावयास गेली. परंतु तें वाक्य मी विसरलों नाहीं.

लग्नांतील साक्षीदार म्हणजे वहींत सही करणारे दोनच असें आपण समजतों. खरा साक्षीदार तो, जो दहा वर्षांनीं आपल्या दारावरून जाईल आणि ज्याच्याकडे पाहून आपणांस आपलें वचन आठवेल. तो बहुतकरून शेजारीच असतो. दूरच्या जंगलांत त्याला नेणें आपणांस परवडत नाहीं.

परवडण्याविषयीं फार लिहीत नाहीं. कापसाचा भाव व सावकाराचें व्याज आपणांस माझ्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. याच वऱ्हाडांतील गाडगेबाबा (1876–1956) ख्रिस्ती नव्हते. पण कर्ज काढून लग्नाच्या जेवणावळी घालूं नका असें ते कीर्तनाकीर्तनांतून सांगत फिरले. लॉनचें भाडें एका रात्रीचें असतें, पण तें फेडण्यांत दोन-तीन हंगाम जातात.

मग निराळी जागा वाईटच काय? तसें नाहीं. पंडिता रमाबाईंचें लग्न 1880 सालीं बांकीपूर येथें नोंदणीच्या रीतीनें झालें, ना देवळांत ना मांडवांत. वर बंगाली, वधू मराठी ब्राह्मण. कोणत्याही धर्मविधीनें तें लागतें ना. जागा निराळी झाली ती गरजेनें, प्रामाणिकपणानें. 2023 सालीं शिर्डीजवळील राहाता येथें तर एक लग्न स्मशानभूमींत लागलें. वधूचा बाप तेथेंच काम करणारा, मुलगी तेथेंच वाढलेली. तेव्हां तेंच तिचें माहेर. लोक ज्या जागेला भितात तेथें त्यांना अक्षता टाकावयास बोलावून त्या कुटुंबानें आपलें घर सर्वांस उघडून दाखविलें. ती जागा कोणाच्याही स्मरणांतून जाणार नाहीं, पण ती स्मरणासाठीं निवडलेली नव्हती. मुलीनें जेथें दिवस काढले तेथूनच ती निघाली, इतकेंच.

गालीलांतील काना गांवच्या लग्नाची कथा आपण प्रत्येक लग्नांत वाचतों. योहानानें तेथील रांजण मोजले, सहा. ते दगडाचे होते हेंही सांगितलें. पण नवरानवरीचें नांव नाहीं, मांडवाचें वर्णन नाहीं, घर कोणाचें तें नाहीं. द्राक्षारस कोठून आला हें भोजनकारभाऱ्याला कळलें नाहीं. पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ठाऊक होतें. त्या लग्नांत खरें काय घडलें त्याचे साक्षीदार मागच्या बाजूला घागरी वाहणारे होते. ते तेथें नसते तर ती कथा आपल्यापर्यंत कशी येती?

आपलीं मंदिरें लहान आहेत, एप्रिल-मे महिन्यांत वणीचें ऊन सोसवत नाहीं, हें खरें. अंगणांत जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घालून सकाळींच विधि उरकतां येतो. पऱ्हाटी उपटून मोकळें झालेलें शेत व बांधावरचा एखादा निंब ज्यांच्याजवळ असेल, त्यांनीं तेथें सहा वाजतां, उन्हं चढण्यापूर्वीं लग्न लावावें. कायदा आड येत नाहीं, आणि जागाही निराळीच होईल. सायंकाळीं ज्यांना लॉनवर जेवण द्यावयाचें आहे व ज्यांना तें कर्जावांचून देतां येतें, त्यांनीं खुशाल द्यावें. पाळकांनीं मात्र सोयरीक घेऊन आलेल्या वधूवरांस, कोणती जागा, असें प्रथम विचारूं नये. त्यांनीं विचारावें कीं, तुमच्या वस्तींतील ज्याच्याजवळ गाडी नाहीं व भाड्यास पैसे नाहींत, तो तुमच्या लग्नास पायीं यावयास किती वाजतां निघेल?