घरची समाजआरती



आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट आपण चालतो. दिवे घाटात पावसाने झोडपले तरी तोंडात नाम असते. रात्री राहुटीत पाणी शिरते, अंथरूण भिजते, एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात जाते. कोणाचा धक्का लागला तर ‘माउली’ म्हणून आपण त्याच्याच पाया पडतो. मग वारी होते आणि आपण घरी येतो. सोमवारी दूध उतू जाते. मंगळवारी टाकी भरून गच्चीभर पाणी होते. बुधवारी मोटर जळते. गुरुवारी नातवाच्या हातून चष्मा फुटतो, आणि एकादशीला नेमकी भगर करपते. अशा वेळी तोंडातली ‘माउली’ कुठे जाते? पहिला शब्द निघतो तो ‘कोणी केले हे?’ असा. माणूस तोच, नुकसानही तेवढेच. मग वाटेवर जे सोसते ते घरात का सोसत नाही?

कोणी म्हणेल, घरात ममत्व असते म्हणून. हे खरे, पण अर्धे. राहुटीत भिजलेले अंथरूणही आपलेच असते. दुसरे कारण असे की, वाटेवर आलेली अडचण सगळ्यांची असते. घरात मात्र आपण तिला एक धनी शोधतो. तो बहुधा आधीच ठरलेला असतो : घरची सून, लहान मूल, नाहीतर पहाटेपासून राबणारी माउली. जो काम करतो त्याच्याच हातून सांडते. खुर्चीवर बसलेल्याच्या हातून दूध उतू जाणार कसे?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाची ओळख विचारतो, तेव्हा काय विचारतो? तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. समाधी किती वेळ लागते हे विचारत नाही. बोलणे, बसणे, चालणे ही घरातलीच कामे आहेत. म्हणून ज्ञानाची परीक्षा पारायणाच्या मांडवात होते तशी ती स्वयंपाकघराच्या दारातही होते.

आणि इथे काय पणाला लागते ते पाहा. चष्म्याला नवी काच बसते. पण ज्या नातवाला चारचौघांत ‘तुला अक्कल नाही’ म्हटले, तो पुढच्या वेळी काच फुटली तर सांगणार नाही, लपवील. सुनेच्या हातून कपाचा कान तुटला तर ती तो कप मागच्या रांगेत ठेवील. माळ घालताना खरे बोलण्याचा नेम आपण घेतो आणि आपल्या रागाने घरातल्या बाकीच्यांना खोटे बोलायला शिकवतो. हे पाप कोणाच्या खात्यावर मांडायचे?

‘मग काहीच बोलू नये काय? विठ्ठलाची इच्छा म्हणून सोडून द्यावे?’ तसेही नाही. गळक्या नळाला वायसर लागतो, नामाने तो थांबत नाही. दुरुस्ती टाळून तिला वैराग्य म्हणणे हा शुद्ध आळस होय. शिवाय ‘जाऊ द्या’ हे स्वतःच्या नुकसानीबद्दल म्हणावे, दुसऱ्याच्या नव्हे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबारायांचा व्यापार बुडाला, घरची माणसे गेली. पुढे त्यांनी कर्जाची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, हे आपण कीर्तनात सांगतो. पण त्यातली एक गोष्ट घाईत निसटते. खतांचे दोन वाटे केले, धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला. भावाचे वैराग्य त्यांनी स्वतः ठरवले नाही. सुनेची जपून ठेवलेली साडी इस्त्रीने जळाली तर ‘मिथ्या आहे सगळे’ असे सासऱ्याने म्हणू नये. ती तिची खते आहेत. आपण एवढेच म्हणावे, ‘बाळ, वाईट झाले.’

मग बोलावे कधी आणि कसे? याचे उत्तर वारीतच आहे. माउलींची पालखी मुक्कामी पोचली की तळावर समाजआरती होते. सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतात आणि टाळमृदंगाचा एवढा गजर एकदम थांबतो. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याजवळ जातात, काय झाले ते ऐकतात, निवाडा होतो. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. उद्या निघायची वेळ सांगितली जाते. मग आरती.

यातले शहाणपण घरी आणावे. गाऱ्हाणे दाबायचे नाही, पण त्याला वेळ आहे. ते सर्वांसमोर मांडायचे, पाठीमागे कुजबुजायचे नाही. हरवलेली वस्तू पुकारायची, पण कोणाला चोर म्हणायचे नाही. आणि शेवटी उद्याचे ठरवून सगळ्यांनी मिळून हात जोडायचे.

दूध उतू जाते त्या क्षणी कामापुरतेच बोलावे : ‘गॅस बंद कर, भाजले नाही ना?’ काच फुटली तर, ‘बाजूला हो, झाडू आण.’ बाकीचे संध्याकाळी, हरिपाठ झाल्यावर. तोवर निम्मी गाऱ्हाणी आपोआप विरतात. उरतील ती खरोखर ऐकण्यासारखी असतात : मोटर बंद करायचे काम नक्की कोणाचे, एकट्या बाईवर एका वेळी किती कामे पडतात, आजोबांनी चष्मा जमिनीवर ठेवावा का.

घरात चोपदार कोण, असे विचाराल. वडीलधाऱ्याने व्हावे. पण चोपदाराचे काम लक्षात ठेवावे. हातात चोप असूनही, ज्याचा टाळ वाजतो त्याच्याकडे तो स्वतः चालत जातो आणि आधी ऐकतो. लहानाचा टाळही ऐकावा. ज्ञानोबाराय रुसून ताटी लावून बसले तेव्हा समजूत धाकट्या मुक्ताईने काढली, आणि माउलींनी तिचे ऐकून ताटी उघडली.

वारीला वर्षातले तीन आठवडे लागतात. उरलेले आठवडे घरातच जायचे आहेत. येत्या आठवड्यात काहीतरी सांडेल, फुटेल, करपेल. तेव्हा समोर कोण उभे आहे ते आधी पाहावे आणि वाटेवर म्हणतो तोच शब्द तिथेही म्हणावा.

रामकृष्णहरी.