अन्नदान, आमिष आणि अभय

समुद्रात मासळीचे तुकडे व रक्त टाकून शार्कला पाणबुड्या पर्यटकांजवळ आणण्याचा व्यवसाय बहामा, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा देशांत चालतो. त्यातील नैतिक प्रश्न मात्र समुद्रापुरता मर्यादित नाही. तळेगाव दाभाडे येथून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने लोणावळा ओलांडून गेल्यावर खंडाळ्याच्या घाटात माकडांना केळी, शेंगदाणे, बिस्किटे देणारे प्रवासी आढळतात आणि आपल्या हातून भूतदया घडते आहे, अशी त्यांतील अनेकांची प्रामाणिक श्रद्धा असते.

या श्रद्धेची परीक्षा धर्मपरंपरेच्याच कसोटीवर करता येते. गीतेच्या १७व्या अध्यायात योग्य देश, काळ व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले दान सात्त्विक, तर फळाकडे नजर ठेवून दिलेले दान राजस मानले आहे. प्राणी जवळ यावा, छायाचित्र मिळावे किंवा पुण्य पदरी पडावे, म्हणून पुढे केलेला घास राजसच ठरतो. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात, म्हणजे घरच्या अन्नातील वाटा इतर जीवांसाठी काढून ठेवण्याच्या नित्यकर्मात, वन्य प्राण्याला आपल्यापाशी ओढून आणण्याचा हेतू नसतो.

हातातून अन्न मिळू लागले की माकडाची माणसाविषयीची भीती ओसरते, ते रस्त्यावर येऊन वाहनाखाली सापडते, पिशव्या हिसकावते, प्रसंगी चावते, आणि मग त्याला पकडून नेण्याची मागणी माणूसच करतो. शार्कही नौकेचा संबंध अन्नाशी जोडू शकतो, या चिंतेतून फ्लोरिडाने २००१ साली आपल्या सागरी हद्दीत पाणबुड्यांनी माशांना खाऊ घालण्यावर बंदी आणली. अशा पर्यटनामुळे जिवंत शार्कला मेलेल्या शार्कपेक्षा अधिक मोल येते, हा समर्थकांचा युक्तिवाद निराधार नाही. परंतु त्यात प्राण्याच्या जगण्याचे मोल माणसाच्या नेत्रसुखावर अवलंबून राहते.

परंपरेने श्रेष्ठ मानलेले अभयदान याहून वेगळे आहे. अभय देणे म्हणजे प्राण्याची सावधता घालवणे नव्हे, तर माणसाने आपला हात आवरणे होय. भारतात २००१ साली व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले, आणि गुजरातच्या किनाऱ्यावर मच्छीमार जाळ्यात अडकलेला हा मासा स्वतःचे जाळे कापून सोडून देऊ लागले. तेथे देणाऱ्याने झीज सोसली आणि प्राणी आपल्या वाटेने गेला. खंडाळ्याच्या घाटात थांबणाऱ्यांनीही खाऊची पिशवी बंद ठेवून माकडांना दुरूनच पाहावे. तीच खरी भूतदया होय.