राणीची मूर्च्छा

जामनेर तालुक्यातून तापीकडे जाणारी वाघूर ज्या दरीतून उतरते, तिथल्या अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात षड्दंत जातक रंगवलेले आहे. सहा सुळ्यांच्या गजराजाच्या दोन राण्या असतात. धाकटीला वाटते, आपल्याला डावलले. त्या आकसातच ती मरते, पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि जुना सूड उगवायला शिकारी पाठवते. विषारी बाण लागूनही हत्ती शिकाऱ्याच्या जिवावर उठत नाही, उलट सुळे काढायला त्यालाच मदत करतो. चित्रकाराने या कथेत सर्वांत जास्त भिंत दिली ती अरण्यातल्या कळपाला. पण माणसांच्या प्रसंगांत डोळा अडकतो तो राजवाड्यापाशी. शिकाऱ्याने कावडीला लटकवून आणलेले सुळे समोर येतात आणि ते पाहताच राणीची शुद्ध हरपते. दासी तिला सावरू लागतात. जिने हे सारे घडवून आणले, तिचाच तोल इथे गेला आहे. पुराणकथा चित्रात नव्याने सांगणे म्हणजे काय, याचे माझ्या मते हेच मर्म: घटना तीच राहते, पण कोणाच्या चेहऱ्यापुढे पाहणाऱ्याला उभे करायचे हे चित्रकार ठरवतो.

यासमोर युरोपातल्या बरोक शैलीतले एक चित्र ठेवून पाहावे. रुबेन्सने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रोमीथिअस रंगवला. देवांकडची आग चोरून माणसांना दिली म्हणून खडकाला जखडलेला, डोके खाली लोंबणारा देह. छाताडावर बसून यकृत फाडणारा गरुड, आणि त्याची एक नखी थेट चेहऱ्यावर. गरुड रुबेन्सचा नव्हे, तो फ्रान्स स्नायडर्सने काढला, आणि काय काढला! पण शिक्षा फर्मावणारा झ्यूस चित्रात कुठेच नाही. आपण बळीच्या वेदनेत इतके गुंततो की न्यायाधीशाची आठवणच राहत नाही. अजिंठ्यात वेदना ज्याची त्याच्याकडे राहते आणि ती दिल्याचा जाब मात्र भिंतीवर उमटतो. बरोक म्हणजे थरार आणि अजिंठा म्हणजे शांती, ही ठरीव वाटणी म्हणूनच मला पटत नाही. राणीच्या मूर्च्छेत थरार काय कमी आहे?

यावर कोणी म्हणेल, राणीचा पश्चात्ताप मूळ कथेतच आहे. चित्रकाराने वेगळे काय केले? पण कथेत शिकार आहे, बाण आहे, सुळे कापण्याचा क्रूर तपशीलही आहे. रक्ताच्या प्रसंगालाच कळस करणे कोणालाही सुचले असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तुलनाच विषम आहे. रुबेन्सकडे एक चौकट, एकच क्षण. अजिंठ्याकडे अख्खी भिंत. अंधाऱ्या लेण्यात दिव्याच्या उजेडात पुढे सरकत पाहणाऱ्याला कथा तुकड्यातुकड्यानेच भेटणार. हे खरे आहे, आणि रुबेन्सला कमी लेखण्याचा माझा हेतूही नाही. तरीही एका चौकटीत झ्यूस बसवणे अशक्य नव्हते. वेलास्केथच्या ‘सूत कातणाऱ्या बायां’च्या चित्रात पुढे राबणाऱ्या बाया आहेत, तर अराक्नीवर कोपलेली देवी मागच्या खोलीत छोट्या आकारात उभी आहे. म्हणजे शिक्षा देणारीला जागा देता येते. तिची द्विधा दाखवायची की नाही, हा प्रश्न चौकटीचा नाही.

राहिला पुराव्याचा मुद्दा. दहाव्या लेण्यातले रंग उडाले आहेत. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने तर तिथल्या खांबावर स्वतःचे नावच कोरले. रॉबर्ट गिलने केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्सच्या चमूने केलेल्याही पुष्कळशा पुढे 1885 मध्ये जळाल्या. एवढ्या पडझडीनंतर रेषेच्या बारकाव्यांवर हट्टाने बोलू नये, हे मान्य. मात्र माझा आधार रेषेचा नाही, मांडणीचा आहे. शिवाय पाचव्या शतकात, वाकाटक हरिषेणाच्या काळात, सतराव्या लेण्यात हीच कथा पुन्हा रंगवली गेली. जुनी भिंत हाकेच्या अंतरावर असताना.